जॉकी पेट्रीचे तेरा

श्रोतेहो, नमस्कार. आज जॉकी पेट्री. आर्ब्रोथ या स्कॉटिश फुटबॉल क्लबचा उजवीकडचा विंगर. आर्ब्रोथ म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. गेफील्ड हे त्यांचं मैदान समुद्राला इतकं खेटून आहे, की वारं सुटलं की लाटांचे शिंतोडे थेट खेळाडूंच्या अंगावर. क्लब १८७८ चा, आणि लीगमध्ये आल्यापासून बहुतेक काळ खालच्या डिव्हिजनमध्येच.

विंगरनं कडेनं पळायचं, चेंडू मध्ये टाकायचा. गोल दुसरा मारतो, नावही त्याचंच होतं. हल्लीचे विंगर मात्र सगळे आतच घुसतात, कडेला कुणी राहायलाच तयार नाही! मला नाही पटत. असो.

तर १२ सप्टेंबर १८८५. स्कॉटिश कपची पहिली फेरी, गेफील्डवर पाऊस. समोर अॅबर्डीनचा बॉन अॅकॉर्ड हा संघ. त्यांच्याकडे धड किटही नव्हतं म्हणतात, आणि गोलात उभा केलेला लॉर्नी मुळात गोलकीपरच नव्हता. मध्यंतराला १५-०. तेव्हा गोलला जाळी नसे, ती पुढे आली. त्यामुळे प्रत्येक गोलनंतर चेंडू लांब जाणार, कुणीतरी चिखलातून धावत जाऊन तो आणणार, मग पुन्हा मध्यावरून सुरुवात. एवढा वेळ फुकट जाऊनही शेवटी किती? छत्तीस-शून्य. होय, बरोबर ऐकलंत, ३६-०! त्यातले तेरा एकट्या पेट्रीचे. विंगरचे तेरा! वय अठरा.

आणि आर्ब्रोथचा गोलकीपर मिल्न? त्याच्याकडे चेंडू फिरकलाच नाही. प्रेक्षकांतल्या कुणाची तरी छत्री मागून घेऊन तो तिच्याखाली पाइप ओढत उभा होता, असं गावात अजून सांगतात.

गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी जवळच्या डंडीत डंडी हार्पनं अॅबर्डीन रोव्हर्सना ३५-० हरवलं. पंचांच्या हिशेबात खरं तर ३७ झाले होते. पण हार्पचाच माणूस म्हणाला, आम्ही ३५ मोजलेत. पंचांनी ते मानलं आणि ३५ ची तार गेली. म्हणजे सर्वांत मोठ्या विजयाचा विक्रम हातचा गेला, तोही स्वतःच्याच प्रामाणिकपणापायी.

पेट्रीच्या तेराची बरोबरी आंतरराष्ट्रीय सामन्यात व्हायला २००१ उजाडलं. ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसननं अमेरिकन सामोआविरुद्ध तेरा मारले. पेट्रीच्या बाकीच्या सामन्यांची मात्र कुणी आठवण काढत नाही. कडेनं पळून त्यानं दुसऱ्यांना किती गोल करून दिले असतील! पण पास मोजायची पद्धतच नव्हती.

आर्ब्रोथच्या सामन्याचे पंच होते स्टॉर्मॉंट. त्यांना नंतर एकच हळहळ होती: आपण सात गोल नाकारले. खेळाडू इतक्या वेगानं गोलवर तुटून पडत होते, की ऑफसाइड, म्हणजे नियमापेक्षा पुढे उभा, कोण आणि कोण नाही, हे कळणंच मुश्कील. त्यांनी ते सात दिले असते, तर झाले असते त्रेचाळीस.