वीस किलो, वीस ग्रॅम

(दृश्य: राजहंसगडाचा पायथा, येळ्ळूरचं भातशिवार. पाठीवर पंप अडकवलेला शेतकरी.)

येळ्ळूरचा बासमती म्हटलं की बेळगावात आधी वास आठवतो. त्याच शिवारात आज युरियाच्या पोत्याशेजारी एक छोटी बाटली येऊन बसली आहे.

(दृश्य: बांधावर पोतं आणि बाटली, जवळून.)

हिशेब करून बघा. पोतं ४५ किलोचं, त्यात नत्र सुमारे २० किलो. २०२१ साली नॅनो युरिया आला, अतिसूक्ष्म कणांचा, पानांवर फवारायचा पातळ युरिया. त्याच्या ५०० मिलीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे जेमतेम २० ग्रॅम. तरी एक बाटली एका पोत्याला पुरी पडते, असं सांगितलं गेलं. कण इतके बारीक, की पानाच्या छिद्रांतून थेट आत शिरतात, वाया जात नाहीत, असा दावा. पण वीस किलोंची भूक वीस ग्रॅमवर भागते का? पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं प्रयोग केले, तेव्हा भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं. ती माती पंजाबची. इथल्या मातीत ताळा कोणी घ्यायचा?

(दृश्य: मच्छे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं प्रवेशद्वार.)

अशा संशोधनाला पैसा आलाच नाही, असं नाही. २००७ साली केंद्रानं अतिसूक्ष्म कणांवरच्या संशोधनासाठी नॅनो मिशन सुरू केलं, पाच वर्षांसाठी १००० कोटींचं. प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पोरं शिकली. मद्रास आयआयटीत प्रा. टी. प्रदीप यांनी पाण्यातलं आर्सेनिक काढणारं नॅनो-पदार्थाचं गाळणं तयार केलं.

पण तिजोऱ्या वेगवेगळ्या. विज्ञानाची एक, शेतीची दुसरी, आरोग्याची तिसरी. कण बनवणारा एका दारात उभा, तो पिकावर तपासणारा दुसऱ्या. कण विहिरीत उतरला तर काय, हे बघणारा तिसऱ्याच. आपल्याकडेच बघा: तंत्रज्ञान विद्यापीठ मच्छेत, पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था बेळगावात, कृषी विद्यापीठ धारवाडला. हे तिघे एकाच प्रकल्पावर, एकाच निधीतून, येळ्ळूरच्या एका बांधावर का येऊ नयेत?

२०२३ च्या कायद्यानं देशभरच्या संशोधनाला निधी देणारं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा. मला काळजी वाटते ती इथं. बाटली विकणारा बाटली बनवायला पैसे देईल, ती फोल आहे का हे बघायला कशाला देईल? तपासणीचे पैसे सरकारनं आपल्या वाट्यातून आधीच बाजूला काढावेत.

(दृश्य: सुगी. खळ्यावर दोन राशी, मधे काटा.)

एका वाफ्यात पोतं, दुसऱ्यात बाटली. दोन्ही राशी वेगळ्या तोलाव्यात आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, मराठीत आणि कन्नडमध्ये.