सैल हात, आखडता हात: अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो असा: 'लष्कराला नाही म्हणणारा अर्थमंत्री'. २६ फेब्रुवारी १९३६ ची पहाट. टोकियोत बर्फ पडलेलं. लष्करातले काही तरुण अधिकारी सैनिक घेऊन आकासाका भागातल्या एका घरात घुसले, वरच्या मजल्यावर झोपायच्या खोलीत गेले, आणि ८१ वर्षांच्या अर्थमंत्र्याला गोळ्या घातल्या, वर तलवारीनं वार केले. ताकाहाशी कोरेकियो. हे का झालं, ते आज सांगायचंय. पण हा माणूस मुळात कोण, कुठून आला, हे कळल्याशिवाय त्याच्या 'नाही'ची किंमत कळत नाही. म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

त्याआधी एक तक्रार मांडतो. गेल्या काही वर्षांत ताकाहाशींचं नाव पुन्हा निघायला लागलं. २००३ साली बेन बर्नान्के, म्हणजे पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झालेले अर्थतज्ज्ञ, टोकियोत बोलले आणि जपानला महामंदीतून बाहेर काढणारा मंत्री म्हणून त्यांनी ताकाहाशींचा गौरव केला. तो योग्यच होता. पण तेव्हापासून सरकारनं वाट्टेल तेवढा खर्च करावा असं ज्याला वाटतं, तो ताकाहाशींचा दाखला देतो. 'जपानचे केन्स' म्हणतात; केन्स म्हणजे मंदीत सरकारनं खर्च करावा असं सांगणारे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ. हा अर्धा माणूस झाला. उरलेल्या अर्ध्यासाठीच तर त्यांना मारलं.

जन्म १८५४ चा, एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत. वडील चित्रकार, पण आई घरची लग्नाची बायको नव्हे. तान्हेपणीच पोर सेंदाईच्या एका साध्या पायदळ शिपायाच्या घरी दत्तक दिलं. आजीनं वाढवलं. इंग्रजी शिकायला म्हणून योकोहामाला पाठवलं, तिथं हा पोरगा एका इंग्रजी बँकेत शँड नावाच्या साहेबाकडे वरकामाला लागला. बँक कुठली? चार्टर्ड मर्कंटाइल बँक ऑफ इंडिया, लंडन अँड चायना. ही बँक १८५३ साली निघाली ती आपल्या मुंबईत! साहेबासाठी ज्या जाळीवर बीफस्टेक भाजायचे, त्याच जाळीवर ही पोरं उंदीर पकडून भाजून खायची. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत सांगून ठेवलंय, काही लपवलेलं नाही. शँडसाहेब लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

१८६७ साली, १३ व्या वर्षी, सेंदाई संस्थानानं अमेरिकेला धाडलं. सॅन फ्रान्सिस्कोत ज्यांच्या घरी उतरले, त्यांनी शिकवायच्या ऐवजी घरकामाला जुंपलं. मग सांगितलं, ओकलंडला एका चांगल्या कुटुंबात जा, फक्त या कागदावर सही कर. पोरानं केली. तिथं गुरं सांभाळली, पडेल ते काम केलं, आणि पुढे कळलं की तो कागद म्हणजे ३ वर्षांचा करार होता, आपल्याला विकलेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जपानचं काम बघणारे वाणिज्यदूत होते, त्यांच्या मध्यस्थीनं सुटका झाली. सही म्हणजे काय, कर्ज म्हणजे काय, हे या माणसाला कॉलेजात शिकावं लागलं नाही.

पुढची २०-२५ वर्षं भराभर सांगतो, नाहीतर आपण पेरूतच रात्र काढू. परत आले, इंग्रजीचे मास्तर झाले, दारू आणि गेशांच्या नादी लागून नोकरी घालवली, काही दिवस एका गेशेच्या मागे तिच्या शामिसेनची, म्हणजे तंतुवाद्याची, पेटी घेऊन हिंडले. पुन्हा मास्तरकी. जपानच्या पेटंट कार्यालयाचे पहिले प्रमुख झाले. मग १८८९ साली पेरूतल्या चांदीच्या खाणीत लोकांचे पैसे घेऊन गेले, आणि खाण निघाली आधीच उपसून संपलेली. घरदार विकावं लागलं. १८९२ मध्ये बँक ऑफ जपानमध्ये, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेत, काम मिळालं ते बांधकामावर. बँकेची नवी इमारत उभी राहत होती, तिचे वास्तुरचनाकार तात्सुनो किंगो म्हणजे ताकाहाशींचे शाळेतले विद्यार्थी. गुरुजी विद्यार्थ्याच्या हाताखाली! आणि कुरकुर नाही. दगड, मजूर, हिशेब, सगळं चोख. तिथून वर चढत उपगव्हर्नर.

१९०४. रशियाशी युद्ध. तिजोरीत सोनं नाही, म्हणून ताकाहाशी कर्ज उभारायला निघाले, आधी न्यूयॉर्क, मग लंडन. हवे होते १ कोटी पौंड, लंडनचे बँकर निम्म्यालाच तयार. त्या बँकरांत पार्स बँक होती, आणि त्या बँकेत कोण? आपले शँडसाहेब! ज्याच्या जाळीवर उंदीर भाजले, तोच साहेब आता मदतीला उभा. उरलेले ५० लाख पौंड एका जेवणावळीत शेजारी बसलेल्या जेकब शिफ नावाच्या अमेरिकन बँकरनं उचलले. शिफ ज्यू होते. झारच्या राज्यात ज्यूंच्या कत्तली चालल्या होत्या, आणि तो राग त्यांच्या मनात होता. पुढच्या वर्षभरात ४ कर्जं मिळून ८ कोटी २० लाख पौंड उभे राहिले. त्या युद्धातल्या सेनापतींचे पुतळे झाले, पण ते युद्ध परक्याच्या पैशावर लढलं गेलं हे ताकाहाशी जन्मभर विसरले नाहीत. हा मुद्दा शेवटी लागणार आहे.

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. मी नोकरी बँकेत केली, त्यामुळे रांग म्हणजे काय ते काउंटरच्या आतून मला माहीत आहे. मार्च १९२७. संसदेत तेव्हाचे अर्थमंत्री काताओका बोलता बोलता म्हणाले, आज टोकियो वातानाबे बँक बुडाली. वास्तविक त्या दिवशी बँकेनं कशीबशी रक्कम उभी करून वेळ निभावली होती. पण मंत्रीच बोलला! लोक धावले, बँक खरंच बंद पडली. मग एकामागून एक. तैवान बँक अडचणीत, मंत्रिमंडळ कोसळलं. २१ एप्रिलला 'पंधरावी बँक' असंच नाव असलेल्या बँकेनं दारं लावली. ती तर सरदार-उमरावांची, खुद्द राजघराण्याचे पैसे असलेली बँक. तिची ही गत, तर आपलं काय?

आदल्याच दिवशी ताकाहाशींनी अर्थमंत्रिपद घेतलं होतं. तेव्हा ते माजी पंतप्रधान, निवृत्त, वय ७२. त्यांनी काय केलं बघा. शुक्रवार, शनिवार देशभरच्या बँका बंद, रविवार सुट्टीचाच. देणी चुकवायला ३ आठवड्यांची मुदत, पण पगार आणि ५०० येनपर्यंतची रक्कम त्यातून वगळलेली, म्हणजे गरिबाची चूल अडायला नको. आणि त्या मधल्या दिवसांत नोटा छापायला घेतल्या, २०० येनच्या. दोन्ही बाजू छापायला वेळ नव्हता, म्हणून एकच बाजू छापली. मागून कोऱ्या! सोमवारी बँका उघडल्या तेव्हा काउंटरवर या नोटांच्या थप्प्या लोकांना दिसतील अशा रचलेल्या. माणसं आली, थप्पी बघितली, आणि बहुतेक जण पैसे न काढता घरी गेले. संकट ओसरलं. काम झालं आणि दीड महिना पुरता व्हायच्या आत ताकाहाशींनी पद सोडलं. सोडलं, हे लक्षात ठेवा.

१९२९ साली सरकारनं काटकसरीचा सपाटा लावला, तेव्हा त्यांनी एक लेख लिहिला. समजा एखाद्यानं चहागृहात गेशा बोलावून, भारी जेवण मागवून २००० येन उडवले. नीतीच्या दृष्टीनं हे बरं नाही, असं ते स्वतःच म्हणतात. पण त्या पैशाचं पुढे काय होतं? स्वयंपाक्याला पगार, मासळीवाल्याला, भाजीवाल्याला, वाहतूकवाल्याला, त्यांच्याकडून कोळ्याला नि शेतकऱ्याला. हात बदलत तो पैसा वीस-तीस पट काम करतो. त्यानं तेच २००० घरात ठेवले तर त्याचं भलं, देशाचं नाही. केन्स यांचा गाजलेला ग्रंथ यायला अजून ६-७ वर्षं होती. आपल्याकडे बचतीला पुण्य मानायची सवय आहे, म्हणून हे ऐकताना खुपतं. पण मंदीत सगळ्यांनी एकदम मूठ आवळली तर बाजार कोण चालवणार?

१९३० मध्ये जपाननं येन जुन्या दरानं पुन्हा सोन्याला बांधला, तेही अमेरिकेत बाजार कोसळल्यावर दोन-तीन महिन्यांत. रेशमाचे भाव गडगडले, खेड्यांत उपासमार. १३ डिसेंबर १९३१ ला ताकाहाशी पुन्हा अर्थमंत्री झाले आणि त्याच दिवशी त्यांनी सोन्याची निर्यात थांबवली, म्हणजे येन सोन्यापासून सोडवला. १०० येनला जवळपास ५० डॉलर मिळायचे, ते वर्षभरात २० वर आले. खेड्यांत रस्ते, बंधारे, पाटबंधारे. पैसा कर्जरोख्यांतून, आणि नोव्हेंबर १९३२ पासून ते रोखे थेट बँक ऑफ जपाननं घ्यायचे. जग मंदीत रुतलेलं असताना जपानचे कारखाने चालू लागले.

याचा आपल्याशी संबंध काय, असं कुणी विचारील, तर गिरणगावाशी आहे. येन पडला तसं जपानी कापड स्वस्त होऊन मुंबईच्या बाजारात आलं. सरकारनं परदेशी कापडावरची, म्हणजे ब्रिटिश सोडून इतर कापडावरची, जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के केली, जून १९३३ मध्ये ७५ टक्के. चिडून जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला. फटका कुणाला? आखूड धाग्याचा कापूस पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला, कारण त्याचं मोठं गिऱ्हाईक जपान. शेवटी सिमल्यात वाटाघाटी झाल्या आणि १९३४ चा करार ठरला: जपाननं १० लाख गाठी कापूस घ्यायचा, आपण ३२.५ कोटी वार कापड येऊ द्यायचं. त्याच सुमाराला मुंबईचे मालक जपानी स्पर्धेकडे बोट दाखवून मजुरी कापत होते, आणि एप्रिल १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. टोकियोत एका म्हाताऱ्यानं घेतलेला निर्णय परळच्या चाळीत असा पोचला. ताकाहाशींची थोरवी सांगताना हेही सांगितलंच पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, ५ मिनिटं. आणि मुख्य विषय राहिलाय, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

बँक ऑफ जपाननं घेतलेले रोखे तिथंच पडून राहणार नव्हते. ते पुढे इतर बँकांना विकून जादा पैसा परत ओढायचा, अशी योजना होती, आणि ती काही काळ चालली. १९३५ मध्ये बँका रोखे घ्यायला कां कूं करू लागल्या, कारण आता कारखानेच कर्ज मागत होते. ताकाहाशींना खूण पटली. रिकामे हात कामाला लागले, आता जादा पैशानं माल वाढणार नाही, भाव वाढतील. म्हणजे आता कर्ज कमी करायचं. पण अंदाजपत्रकाचा जवळपास निम्मा भाग लष्कर आणि आरमार यांचा. कापायचं तर तिथंच.

त्यांचं लष्कराशी जुनं होतं. १९२० सालीच त्यांनी लष्कराचं जनरल स्टाफ कार्यालय, म्हणजे युद्धाच्या योजना आखणारं खातं, बंद करावं असं टिपण लिहिलं होतं. नोव्हेंबर १९३५ च्या अखेरीस मंत्रिमंडळाची बैठक रात्रभर चालली. ताकाहाशींचं म्हणणं असं: कुणी चाल करून येणार नाही इतपत संरक्षण पुरे. आपल्याकडे खनिजं नाहीत, तेल नाही. अमेरिका आणि रशिया दोघांशी बरोबरी करू गेलो तर देश मोडेल. परक्याच्या पैशावर युद्ध लढवलेला माणूस हे बोलत होता. लष्कराचा जळफळाट झाला. ३ महिन्यांच्या आत ते घरात घुसले.

लष्कराच्या वाढीला १९३२-३३ मध्ये पैसा याच मंत्र्यानं दिला, बँक ऑफ जपानचं दार यानंच उघडलं, हा दोष मी त्यांना देतो. दार लावायचं कुणी, हे एका म्हाताऱ्याच्या धीरावर अवलंबून ठेवलं होतं. तो गेल्यावर नवे अर्थमंत्री बाबा एइइची आले, त्यांनी कर्ज कमी करायचं धोरण सोडलं, अंदाजपत्रक एकदम फुगलं, आणि जुलै १९३७ मध्ये चीनशी पूर्ण युद्ध पेटलं. दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतरच्या महागाईत लोकांची बचत मातीमोल झाली. १९४७ च्या वित्त कायद्यात ५ वं कलम घातलं गेलं: सरकारी रोखे मध्यवर्ती बँकेनं थेट घ्यायचे नाहीत.

वेळ संपली. गिरणगावातल्या १९३४ च्या संपाच्या आठवणी कुणाच्या घरात ऐकलेल्या असतील, तर प्रश्नोत्तरांत आधी त्या सांगा, माझी उत्तरं मागून.