जिमखाना: एका जोडशब्दाचं कूळ

मंडळी, नमस्कार.

इथे ब्रिटनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना ‘जिमखाना’ म्हटलं की तट्टू आठवतं. मुलं तट्टावर बसून रोवलेल्या खांबांमधून नागमोडी दौडतात, कधी हातात चमचा आणि चमच्यात अंडं. पुण्यामुंबईच्या मंडळींना मात्र कॉलेजची जिमखाना फी आठवते, नाहीतर डेक्कन. इंग्रजी कोशातल्या या शब्दाचं निम्मं गोत आपल्याकडचं आहे, म्हणून आज त्याच्याविषयी बोलतो.

कोशकार त्याचं मूळ ‘गेंदखाना’ सांगतात. साहेब लोक रॅकेट खेळत त्या भिंतींच्या कोर्टाला हिंदुस्थानीत गेंदखाना म्हणत. गेंद म्हणजे चेंडू. साहेबाच्या कानाला गेंद परका आणि जिम्नॅस्टिक्स ओळखीचं, तेव्हा गेंदचा झाला जिम. हा जिम ग्रीकांचा. ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा, कारण ग्रीक तरुण विवस्त्र होऊन कसरत करत. ‘खाना’ फारसी, पण दवाखाना, तोफखाना, मुदपाकखाना म्हणताना आपल्याला तो परका वाटतच नाही. मला मात्र जिव्हाळा आहे तो त्या पुसल्या गेलेल्या चेंडूचा. तो नसता तर हा शब्द जन्मालाच आला नसता.

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६चा कोश या शब्दाचा माग १८६१ सालच्या उत्तर भारतातल्या रुरकी (रुडकी) गावापर्यंत नेतो. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, तो गोऱ्यांपुरता. मग पारशी, हिंदू, मुसलमान यांनी मुंबईत समुद्रालगत आपापले जिमखाने उभे केले. दार बंद होतं, पण शब्द त्यांनी हक्काने उचलला, याचं मला फार कौतुक वाटतं. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना आला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले खेळाडू धाडण्याच्या खटपटीत त्याचा पुढाकार होता. १९३३ साली भारतातली पहिली कसोटी झाली ती त्याच बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. तिथे लाला अमरनाथांनी पदार्पणात शतक ठोकलं.

तट्टावरची ती अंडं-चमच्याची शर्यत आणि आपल्या शाळांमधली लिंबू-चमचा, दोन्ही सख्ख्या बहिणी. पोत्यांची शर्यतही दोन्हीकडे आहे. म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे: उन्हाळ्यातल्या आपल्या क्रीडादिनाला यंदापासून ‘मंडळाचा जिमखाना’ म्हणूया. लिंबू-चमचा ठेवूच, शिवाय लगोरीही ठेवूया, म्हणजे चेंडूही परत येईल.