काबेउसच्या विवरात काय सापडलं?

नमस्कार श्रोतेहो. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ काबेउस नावाचं एक विवर आहे. सुमारे १०० किलोमीटर रुंद, फार जुनं, काठ झिजून गेलेलं. चंद्रावर ना वारा ना पाऊस, मग झिजवलं कुणी? नंतर आदळत राहिलेल्या लहानमोठ्या उल्कांनी. आणि चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजाला घासूनच फिरतो. काबेउसच्या तळाच्या काही भागात ऊन कधीच पोचत नाही. पुन्हा सांगतो, कधीच नाही. तिथं तापमान उणे २३० अंशांच्या आसपास. पाण्याचा कण तिथं पोचला की गोठून बसलाच.

आता गंमत ऐका. असं गोठलेलं पाणी शोधायला निघालेलं नासाचं एलक्रॉस नावाचं यान होतं. बेत असा, की रॉकेटचा रिकामा झालेला सेंटॉर टप्पा, सव्वादोन टनांच्या घरातलं धूड, सरळ या विवरात आदळवायचं. मागून यानानं उडालेल्या धुळीतून जात मोजमाप करायचं आणि चार मिनिटांनी स्वतःही आदळायचं. ऑगस्टमध्ये, संपर्क नसताना, एक उपकरण बिघडलं आणि घरात कुणी नसताना नळ चालू राहावा तसं उरलेल्यातलं निम्म्याहून अधिक इंधन उडून गेलं! तरी गडी हटले नाहीत.

९ ऑक्टोबर २००९. आपल्याकडे संध्याकाळचे पाच, चंद्र उगवायचाच होता. (उगवला असता तरी काय, सोसायटीच्या गच्चीला कुलूप! टाकीची काळजी म्हणे. अहो, पोरांनी आकाश बघायचं कुठून?) कॅलिफोर्नियात मात्र पहाटेचे साडेचार. लोक रात्रभर जागून पडद्यासमोर बसलेले. दहा-बारा इंची दुर्बिणीतूनही धुळीचा लोट दिसेल, असं आधीच सांगून ठेवलेलं. पडद्यावर करडं विवर मोठं होत गेलं... सेंटॉर ताशी ९,००० किलोमीटर वेगानं आदळला... आणि दिसलं काय? काही नाही. लोट नाही, लखलखाट नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. बार फुसका निघाला म्हणून वाहिन्यांनी गळाही काढला. तमाशा दिसला नाही की विज्ञान नापास, ही आपली वाईट खोड.

फुसका नव्हता हो! पृथ्वीवरून विवराच्या कडेचे डोंगर आड येत होते आणि लोटही अपेक्षेपेक्षा बारीक होता. पण मागून येणाऱ्या यानाच्या उपकरणांनी तो नीट टिपला होता. १३ नोव्हेंबरला नासानं जाहीर केलं: पाणी आहे. पुढे हिशेब पक्का झाला, शंभर किलो मातीत साधारण साडेपाच किलो पाणी. थोडं कमी, थोडं जास्त, पण पाणी. अंधाऱ्या काबेउसमध्ये पाणी!

त्या लोटात पाराही सापडला, तेव्हा ते पाणी ओंजळीनं प्यायच्या भानगडीत कुणी पडू नये. नमस्कार.