साखर, विसर आणि माईंची भिशी

नमस्कार श्रोतेहो.

आज मधुमेहाबद्दल बोलायचं आहे, पण पायाच्या जखमा, डोळ्यांचा पडदा, किडनी यांबद्दल नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्या घरात साखरेची गोळी चालू आहे, त्या घराला अनवाणी फिरू नका हे मी वेगळं सांगायला नको. आज बोलायचं आहे ते आठवणींबद्दल. मधुमेह आणि डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश, या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

संबंध आहे. तो नेमका कसा आणि किती, यावर जगभर अभ्यास चालू आहेत, पण आहे हे नक्की. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात सहा हजारांहून जास्त वयस्क माणसांची पाहणी झाली. १९९९ साली तिचे निष्कर्ष आले. मधुमेह असलेल्यांना डिमेन्शिया होण्याचा धोका इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट दिसला. आता दुप्पट म्हटल्यावर कुणी घाबरून जाऊ नका. मधुमेह झाला म्हणजे विसर पडणारच, असं नाही. पुन्हा सांगते, पडणारच असं नाही. कितीतरी मधुमेही माणसं शेवटपर्यंत तल्लख असतात, पतवंडांचे वाढदिवससुद्धा तोंडपाठ सांगतात.

आजच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर मेंदूला त्रास होतो. आणि उतारवयात साखर एकदम खाली घसरली, तरीही मेंदूलाच त्रास होतो. वाढलेल्या साखरेला सगळे घाबरतात. घसरलेल्या साखरेकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यासाठी मला तुम्हाला माईंची गोष्ट सांगायची आहे.

आपल्या इंदुरातल्या रामबागेत माझा दवाखाना होता तेव्हाची गोष्ट. माईंचं खरं नाव सांगत नाही. सगळी गल्ली त्यांना माईच म्हणायची, आणि ही गोष्ट सांगायला त्यांच्या घरच्यांनी आनंदाने परवानगी दिली आहे. माई बायकांची भिशी चालवायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या ओसरीवर सगळ्या जमायच्या, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, एखाद्या लहान मुलाच्या हातून एक काढायची, मग पोहे, वरून शेव आणि जीरावण मसाला, आणि चहा. हिशेब सगळा माईंच्या तोंडावर. कुणाचे मागच्या महिन्याचे राहिलेत, कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी आगाऊ उचललेत, सगळं पाठ. लाल कापडी बांधणीची वही असायची, पण ती उघडायची वेळ क्वचितच यायची. हल्ली आपण दुधाचा हिशेबसुद्धा फोनवर करतो, आणि मला ते मुळीच आवडत नाही. रोज दहा-बारा आकड्यांची तोंडी बेरीज करावी, मुलांनीही आणि आजोबांनीही.

तर माई. मधुमेह वीस वर्षांचा. औषध इतकं वेळेवर की घरात त्याचं कौतुक व्हायचं. सकाळी पूजा झाली की गोळ्या, मग बाकी सगळं.

एका चातुर्मासात भिशीत गडबड झाली. एका फेरीत एकाच बाईची चिठ्ठी दोनदा निघाली. म्हणजे तिची भिशी आधीच झाली होती, आणि माई तिची चिठ्ठी डब्यातून काढायला विसरल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात माई नोटा पुन्हा पुन्हा मोजू लागल्या आणि मदतीला आलेल्या बाईवर खेकसल्या. माई कधी कुणावर खेकसल्या नव्हत्या. बायका आपसात म्हणाल्या, वय झालं हो. घरी सुनेला दिसत होतं की दुपार कलली की आई गप्प होतात, एकच गोष्ट दोनदा विचारतात, आणि रात्री जेवण झालं की पुन्हा पहिल्यासारख्या. पण रात्री बऱ्या असतात याचा अर्थ काय, हे तिला कोण सांगणार? मुलाने ठरवलं की पासबुक आणि लॉकरची किल्ली आता आपल्याकडे घ्यायची.

मग तो श्रावणातला सोमवार आला. दुसऱ्या दिवशी नात्यात मंगळागौर होती, म्हणून माई दुपारी एकट्याच राजवाड्याकडे बांगड्या घ्यायला गेल्या. दुकानात बांगड्या पसंत केल्या, पैसे द्यायला बटवा उघडला, आणि उघडा बटवा हातात धरून तशाच बसून राहिल्या. कपाळावर घाम, हाताला कंप, बोलणं जड. बांगडीवाल्याने विचारलं, माताजी, घर कुठे? माई म्हणाल्या, देवासला. देवास त्यांचं माहेर. लग्न होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, आणि त्या माहेरच्या वाड्याचा पत्ता सांगत होत्या.

तो भला माणूस म्हणाला, "माताजी, पहले चाय पी लो, फिर घर छोड़ आएंगे।" शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. माईंनी एक पेला घेतला, मग दुसरा. पाव तास गेला असेल नसेल, माई सावरून बसल्या, बटवा मिटला, आणि बांगड्यांचा भाव फार लावलाय म्हणून भांडल्या. भाव कमी करून घेतला. मग रामबागेतला पत्ता, गल्ली, घराची खूण, सगळं बिनचूक सांगितलं. तरी त्याने आपला मुलगा सोबत रिक्षात पाठवला. त्या मुलाने घडलेलं सगळं सुनेला सांगितलं, चहासकट. या दोघांचे उपकार मी आजही मानते. आपल्या बाजारातली ही माणुसकी टिकली पाहिजे. कितीही मॉल झाले तरी ती तिथे मिळायची नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून माझ्याकडे आले. मुलगा म्हणाला, "डॉक्टरबाई, आईला अल्झायमर झालाय. कुठे न्यायचं तेवढं सांगा." मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो चहा साखरेचा होता का?" सून म्हणाली, "टपरीचा म्हणजे भरपूर साखरेचाच असणार." घरी माई बिनसाखरेचा घ्यायच्या. मग मी विचारलं, "काल सोमवार. उपास होता?" तेव्हा सून म्हणाली, "उपास कालचाच नाही हो. चातुर्मास लागल्यापासून आई एकभुक्त आहेत. दिवे लागल्यावर एकदाच जेवतात." आणि सकाळच्या साखरेच्या गोळ्या? "त्या एक दिवस चुकवल्या नाहीत आईंनी."

श्रोतेहो, त्यातली एक गोळी शरीराला जास्त इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर खाली आणणारं द्रव्य, सोडायला लावणारी होती. पोटात अन्न असो नसो, ती आपलं काम करते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता घरच्या यंत्रावर माईंची साखर मोजली. ५२ भरली. ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची. मेंदूचं वजन शरीराच्या अवघं दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, आणि तो शिदोरी बांधून ठेवत नाही. रक्तातून साखर आली नाही की हिशेब जातो, स्वभाव बदलतो, घरचा पत्ता जातो. माईंचं दर दुपारी हेच होत होतं.

ती गोळी आम्ही बदलली. नेमाचं काय, हा प्रश्न माईंना मोठा होता. देवाला दिलेला शब्द होता तो, आणि मी त्याचा मान ठेवते. मी म्हटलं, नेम मोडू नका माई, बदला. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एकभुक्त सोडून कांदा, लसूण, वांगं सोडलं. शिवाय त्यांचं व्हिटॅमिन बी १२ तपासलं, तेही बरंच कमी होतं. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, आणि ते कमी झालं तरी विसर पडतो. हे भरून काढता येतं, म्हणून मेटफॉर्मिन चालू असलेल्या प्रत्येक वयस्क माणसाचं बी १२ अधूनमधून तपासावं.

माईंचे दुपारचे झटके थांबले. पण सगळं पहिल्यासारखं झालं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या जुन्या इजा दिसल्या. वीस वर्षांच्या मधुमेहाने आणि रक्तदाबाने केलेलं ते काम होतं. तोंडी हिशेब पूर्वीसारखा परत आला नाही. नववीतली नात वही घेऊन शेजारी बसू लागली आणि भिशी चालू राहिली. किल्ली आणि पासबुक मुलाने आईला परत दिलं, आणि ते त्याने फार चांगलं केलं. आजारी माणसाच्या हातून सगळं एकदम काढून घेऊ नये. जेवढं जमतं तेवढं त्याच्याकडे राहू द्यावं.

म्हणजे बघा, माईंच्या बाबतीत दोन्ही बाजू होत्या. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने बारीक रक्तवाहिन्या खराब केल्या होत्या, आणि घसरलेली साखर रोज दुपारी वरून घाव घालत होती. कॅलिफोर्नियात सोळा हजारांवर मधुमेही रुग्णांची पाहणी झाली, २००९ साली ती प्रसिद्ध झाली. साखर इतकी खाली गेली की इस्पितळात न्यावं लागलं, असं ज्यांना झालं, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त निघालं. जितके जास्त झटके, तितका जास्त धोका. आणि याची उलटी बाजूही आहे. विसर पडू लागलेला माणूस गोळी घेतल्याचं विसरतो आणि पुन्हा घेतो, किंवा गोळी घेतो आणि जेवायचं विसरतो. म्हणून अशा घरी गोळ्यांचा डबा दुसऱ्या कुणीतरी सांभाळावा.

ऐकणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीचे असाल तर तुमच्यासाठी वेगळं सांगते. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर तीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या अभ्यासाने २०२१ साली दाखवलं की मधुमेह जितक्या कमी वयात सुरू होतो, तितका म्हातारपणी डिमेन्शियाचा धोका जास्त. आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ च्या पाहणीत आलं. त्यात तरुण किती आहेत ते आपल्या ओळखीतच मोजा. तुम्ही मात्र साखर आवरा, रक्तदाब आवरा, आणि आत्ताच आवरा. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यात खायला फेरी, हे रोज नको. आपलं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं याचा मला अभिमान आहे. तेवढ्याच हौसेने म्हाताऱ्या माणसांना चालायला सलग फूटपाथ मिळाले पाहिजेत. चालणं हे साखरेचंही औषध आहे आणि मेंदूचंही, पण चालायचं कुठे?

सत्तरीच्या पुढच्यांसाठी हिशेब वेगळा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सीची तपासणी असते ना, तरुणांना ती साधारण सातच्या आत ठेवायला सांगतात. पण ज्यांना अनेक आजार आहेत किंवा विसर पडायला लागला आहे, त्यांना आठच्या आत असली तरी चालते, असं अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. म्हाताऱ्या आईचा आकडा सहावर आणला म्हणून शाबासकी मिळवायला जाऊ नका. आणि हे ऐकून उद्या आपल्या मनाने गोळी बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा, "यांची साखर खाली जाण्याची भीती आहे का? यातली कुठली गोळी ती खाली नेते?" हे दोन प्रश्न कागदावर लिहून न्या. उपास असतील तर तेही लिहा. डॉक्टर विचारत नाहीत, आणि आपण सांगत नाही.

दुपारी किंवा पहाटे घरातलं मधुमेही माणूस घामाघूम झालं, थरथरू लागलं, भलतंच बोलू लागलं, चिडलं, तर आधी यंत्रावर साखर बघा. यंत्र नसेल तर त्यात वेळ घालवू नका. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या. चहापेक्षा साखरपाणी बरं, दुधातली साखर उतरायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या, आणि सावरल्यावर पोळी-भाजी, वरण-भात, काहीतरी पोटभर खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि तारीख, वेळ, त्या दिवशी काय खाल्लं होतं, कुठली गोळी घेतली होती, हे वहीत लिहून ठेवा. ती वही पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे उघडा.

नमस्कार.