सारखेपणाचा चकवा: फिनिश आणि जपानी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण

नमस्कार. समोर जपानी शिकणारे बरेच जण दिसतात. पुण्यात ते असणारच. फिनिश भाषेशी मात्र फार थोड्यांचा संबंध आला असेल. म्हणून आज या दोन्ही बाजू एकत्र मांडतो: फिनिश आणि जपानी विद्यार्थी एकमेकांना भाषा, स्वयंपाक आणि रोजचं वागणं शिकवायला बसतात तेव्हा नेमकं काय करावं लागतं आणि गाडी कुठे अडते.

या दोन देशांचा भाषेशी जोडलेला संबंध जुना आहे. 1919 मध्ये जपान आणि फिनलंड यांच्यात राजनैतिक संबंध सुरू झाले. फिनलंडने टोकियोला पहिला प्रतिनिधी म्हणून पाठवला तो व्यवसायाने मुत्सद्दी नव्हता, भाषाशास्त्रज्ञ होता. जी. जे. रामस्टेट हे त्यांचं नाव. 1920 च्या दशकात ते तिथे राहिले, दूतावासाचं काम सांभाळून जपानी अभ्यासकांशी भाषांवर चर्चा करत राहिले, कोरियन भाषेचाही अभ्यास त्यांनी तिथेच केला.

फिनलंड आणि जपान यांची साम्यं सगळेच सांगतात. दोघेही कमी बोलतात, घरात पादत्राणं काढतात, गरम आंघोळीवर जीव टाकतात, मासे खातात, आणि दोन्ही भाषांत ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर असतं. हे सगळं खरं आहे. पण माझं म्हणणं असं की विद्यार्थी घसरतात ते याच साम्यांपाशी. फरक उघड दिसला की माणूस विचारून घेतो. सारखं दिसलं की गृहीत धरतो.

भाषेपासून सुरुवात करू. फिनिशमध्ये तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. जपानीत ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे टपालाचं तिकीट. स्वराची लांबी आणि व्यंजनाचं द्वित्व दोन्हीकडे अर्थ बदलतात, म्हणून या बाबतीत दोघेही एकमेकांना पटकन समजून घेतात. फिनिशमध्ये ‘तापाऽन सिनुत’ म्हणजे तुला भेटतो आणि ‘तापान सिनुत’ म्हणजे तुला मारून टाकतो. इंग्रजी बोलणारे इथे हमखास चुकतात, जपानी विद्यार्थी सहसा चुकत नाहीत.

त्यांची अडचण वेगळीच असते. जपानी उच्चारात ‘ति’चा चि होतो, ‘तु’चा त्सु होतो, ‘सि’चा शि होतो. म्हणून आई या अर्थाचा ‘आइति’च्या जवळचा फिनिश शब्द ‘आइचि’ होऊन बाहेर पडतो. यावर सोपा उपाय आहे: त्या विद्यार्थ्याला जपानीतला ‘पार्टी’ हा उसना शब्द म्हणायला लावा. त्यात तो ‘ति’ बरोबर म्हणतो, म्हणजे जीभ वळते, फक्त सवय लागायची असते. ल आणि र यांचं मात्र असं नाही. लाह्ति म्हणजे खाडी आणि राह्ति म्हणजे मालवाहतुकीचं भाडं, हा फरक आधी कानालाच कळत नाही. तिथे शंभरदा म्हणवून घेण्यात अर्थ नाही. दोन शब्दांच्या दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवायच्या, फिनिश जोडीदाराने एक शब्द म्हणायचा, जपानी विद्यार्थ्याने चिठ्ठी उचलायची. दहापैकी आठ वेळा बरोबर चिठ्ठी उचलली जाईपर्यंत त्याला बोलायला लावू नये.

उलट बाजूने फिनिश विद्यार्थी जपानी बोलतो तेव्हा लांबी चोख असते, पण प्रत्येक शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तो आघात देतो, कारण फिनिशचा नियमच तसा आहे. टोकियोच्या जपानीत ‘हाशि’ आधी उंच मग खाली म्हटलं तर जेवणाच्या काड्या, आधी खाली मग उंच म्हटलं तर पूल. फिनिश माणसाच्या तोंडी दोन्ही काड्याच होतात. शिवाय ‘त्सु’ आणि ‘झ’ त्याला जड जातात. आपल्याला यात सोय आहे: ‘चाक’मधला च आणि ‘जहाज’मधला ज मराठी माणसाला आयता येतो.

व्याकरणाचं एक उदाहरण मराठी श्रोत्याला लगेच पटेल. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत हे ऐकून लोक घाबरतात. जपानी विद्यार्थी घाबरत नाही, कारण त्याच्या भाषेतही नामाच्या मागून ‘नि’, ‘दे’, ‘कारा’ लागतात. पण जपानीत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. फिनिशमध्ये आपल्यासारखं सामान्यरूप होतं. आपण ‘रस्तावर’ म्हणत नाही, ‘रस्त्यावर’ म्हणतो. तसंच फिनिशमध्ये काटु म्हणजे रस्ता आणि काडुल्ला म्हणजे रस्त्यावर, हेलसिंकीचं हेलसिंगिस्सॅ होतं. जपानी विद्यार्थी प्रत्यय अचूक लावतो आणि मूळ शब्द बदलायला विसरतो. म्हणून वहीत नाम एकटं लिहू नये, मूळ रूप आणि ‘च्या’चं रूप शेजारी शेजारी लिहावं: काटु, काडुन.

एका तासाची बैठक असेल तर तीस मिनिटं फिनिश आणि तीस मिनिटं जपानी, घड्याळ लावून. दोघांनाही इंग्रजी येतं, आणि तेच घात करतं. एकाने एक शब्द अडला म्हणून इंग्रजीत विचारलं की पुढची वीस मिनिटं इंग्रजीतच जातात. अडलेले शब्द कागदावर टिपून ठेवायचे आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचा निकाल लावायचा. बोलताना मध्येच चूक दुरुस्त करायची नाही. जोडीदाराने तीनच चुका निवडून नंतर सांगायच्या. सगळ्या चुका सांगितल्या तर पुढच्या वेळी समोरचा तोंडच उघडत नाही.

बोलायला विषय सुचत नाही ही तक्रार नेहमीची. त्यावर स्वयंपाकघरासारखा उपाय नाही, आणि तिथे सुरुवात भातापासून करावी. फिनलंडच्या दुकानात पूरोरीसि नावाचा बुटक्या, गोल दाण्याचा तांदूळ मिळतो. तो खिरीसारख्या दाट लापशीसाठी असतो, पण चिकट असल्याने ओनिगिरीला, म्हणजे जपानी पद्धतीने वळलेल्या भाताच्या गोळ्यांनाही चालतो. म्हणजे तांदूळ एकच, आणि वागवण्याची रीत अगदी उलट.

लापशीसाठी तांदूळ धुवायचा नाही, कारण दाटपणा त्याच्या पिठूळपणातूनच येतो. 3 डेसिलिटर (म्हणजे 300 मिलीलिटर) पाणी उकळायचं, 2 डेसिलिटर तांदूळ घालून पाणी आटू द्यायचं, मग 7 ते 8 डेसिलिटर दूध घालून अगदी मंद आचेवर पाऊण तास. मीठ शेवटी. दूध आधीच घातलं तर ते तळाला धरतं आणि दाणा आत कच्चा राहतो. ओनिगिरीसाठी मात्र तोच तांदूळ पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, 360 मिलीलिटर तांदळाला साधारण 430 मिलीलिटर पाणी घालून उकळी आणायची, झाकण लावून बारा मिनिटं मंद आच, मग आच बंद करून दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. इथे फिनिश विद्यार्थ्याचा हात शिवशिवतो, कारण लापशी ढवळायची त्याला सवय असते. ढवळलं की दाणे फुटतात आणि भाताचा गोळा होतो.

एवढ्या भातात सहा ओनिगिरी होतात. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच वळायचा. तळवे ओले करून चिमूटभर मीठ चोळायचं, मध्ये उमेबोशि (मिठात मुरवलेलं आंबट जपानी फळ) किंवा भाजून कुस्करलेला खारा सामन मासा ठेवायचा आणि तीन-चार वेळा फिरवत दाबायचं. जोरात आवळलं तर घास दगडासारखा होतो. फिनलंडमध्ये मीठ लावलेला कच्चा सामन सहज मिळतो, पण डब्यात तासन्‌तास राहणाऱ्या ओनिगिरीत तो घालू नये. उरलेल्या ओनिगिरी फ्रीजमध्ये ठेवल्या तर भात ताठरतो. ठेवायच्याच असतील तर गरम असतानाच गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात.

लापशीचं पुढे कारेलियन पिराक्का होतं, म्हणजे पातळ पारीत लापशी भरून भाजलेला फिनिश पदार्थ. 2 डेसिलिटर पाणी, चहाचा चमचाभर मीठ, 4 डेसिलिटर राय (rye) या धान्याचं पीठ आणि 1 डेसिलिटर गव्हाचं. रायच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो, म्हणून कडा फाटतात. थोडं गव्हाचं पीठ त्यासाठीच. पाऱ्या बारा ते पंधरा सेंटिमीटरच्या, टेबल दिसेल इतक्या पातळ लाटायच्या, मध्ये गार लापशी पसरायची आणि कडा आत वळवून करंजीच्या मुरडीसारख्या चुण्या पाडायच्या. 275 ते 300 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. जपानमध्ये हा पदार्थ इथेच बिघडतो. तिथल्या घरातला छोटा ओव्हन मायक्रोवेव्हशी जोडलेला असतो आणि सर्वांत वरचं तापमान थोडाच वेळ टिकवतो. लापशीवर डाग पडायच्या आत पारी वाळते. उपाय असा: ट्रे आतच तापवून घ्यायचा, एका वेळी पाच-सहाच भाजायच्या आणि बाहेर काढताक्षणी बटर घातलेलं गरम दूध फासून फडक्याखाली झाकायच्या.

दालचिनीचे रोल सगळ्यांना हवे असतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. 250 मिलीलिटर दूध, 11 ग्रॅमच्या फिनिश कोरड्या यीस्टच्या पुडीचा निम्मा, 80 ग्रॅम साखर, साधारण 430 ग्रॅम पीठ, शेवटी 75 ग्रॅम मऊ बटर. कोरड्या यीस्टला दूध 42 अंश लागतं, ताज्याला 37. वेलदोडा दीड चमचा, आणि तो आपल्यासारखा बारीक पूड करून नाही, भरडच. दाताखाली आला पाहिजे. 225 अंशांवर दहा-बारा मिनिटं. जपानमध्ये पीठ घेताना क्योरिकिको, म्हणजे ब्रेडचं पीठ, घ्यावं. हाकुरिकिको हे केकचं पीठ, त्यात प्रथिनं कमी, त्याने रोल पसरून चपटे होतात.

आता आंघोळ. फिनलंडची वस्ती 55-56 लाखांची, सौना, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेत बसायच्या खोल्या, 30 लाखांच्या आसपास. 2020 मध्ये युनेस्कोने सौना संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. जपानी विद्यार्थ्याला वाटतं, आपल्याला ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं स्नानगृह, माहीत आहे, म्हणजे हेही माहीत आहे. आधी अंग धुवायचं, इतकं खरंच सारखं आहे. पण सौनात पाणी दगडांवर टाकायचं असतं, आणि नवखा माणूस बादलीभर ओततो. एक पळी, सावकाश, आणि टाकण्याआधी बाकीच्यांना विचारून. वरचं बाकडं सर्वांत तापलेलं, म्हणून खालच्यावर बसावं, बुडाखाली पंचा घ्यावा, नको वाटलं की तडक बाहेर पडावं. तिथे टिकून दाखवण्यात कोणतीही बहादुरी मानत नाहीत.

फिनिश विद्यार्थी जपानी घरात पाहुणा असतो तेव्हा त्याची चूक मोठी ठरू शकते. ओफुरोतलं, म्हणजे घरातल्या आंघोळीच्या टबातलं, 40 ते 42 अंशांचं पाणी सगळ्या घराचं असतं. साबण बाहेर, स्टुलावर बसून लावायचा, पूर्ण धुवून मग टबात उतरायचं. बाहेर आल्यावर बूच काढायचं नाही, वर झाकण घालायचं. सार्वजनिक ओन्सेनला जाण्याआधी अंगावर टॅटू असेल तर चालतो का हे विचारून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

आणि शांतता. दोघंही शांत, पण जपानी श्रोता दर वाक्याला ‘हाइ’, ‘ऊन’, ‘सोऽ देसु ने’ म्हणत हुंकार भरतो. फिनिश श्रोता पूर्ण गप्प राहून ऐकतो. त्याच्याकडे तोच आदर. परिणाम असा की जपानी बोलणाऱ्याला वाटतं हा ऐकतच नाही, आणि फिनिश बोलणाऱ्याला वाटतं हा मध्ये मध्ये तोडतोय. फिनिश लोक कधी कधी श्वास आत ओढत ‘यो’ म्हणतात. तो होकार आहे, दचकणं नाही. जपानीच्या अर्ध्या तासात फिनिश विद्यार्थ्याने मुद्दाम हुंकार भरावेत आणि फिनिशच्या अर्ध्या तासात जपानी विद्यार्थ्याने ते आवरावेत. भाषेइतकाच हा सराव महत्त्वाचा आहे, आणि तो बहुतेक जण करतच नाहीत.

बैठक ऑनलाइन असेल तर घड्याळाचं भान ठेवा. जपान फिनलंडच्या हिवाळ्यात सात तास पुढे, उन्हाळ्यात सहा. फिनलंड मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, जपान कधीच बदलत नाही. त्या रविवारनंतरच्या पहिल्या बैठकीला एक जण तासभर आधी येऊन बसतो. निरोप पाठवताना दोन्ही वेळा लिहायच्या, हिवाळ्यात असेल तर: हेलसिंकी सकाळी 10, टोकियो संध्याकाळी 5.