सिमरॉन काउंटी: वारा, गवत आणि माती

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्याला पश्चिमेकडे एक लांब, चिंचोळी पट्टी जोडलेली आहे. तिच्या अगदी टोकाला सिमरॉन काउंटी. वस्ती २०२० च्या जनगणनेत जेमतेम २,३००. बाकी सगळा उघडा माळ, आणि त्यावरून बारा महिने वाहणारा वारा.

इथे वर्षाला साधारण ४५० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडून येणारं बाष्प रॉकी पर्वत आधीच अडवतो. उरते ती मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी ओल. त्यामुळे बराचसा पाऊस मे ते ऑगस्टमध्ये, आपल्या वळवासारखा पडतो. सकाळी आभाळ स्वच्छ; दुपार कलली की ढग चढतात, कडकडाट होतो, एक शेत चिंब भिजतं आणि शेजारचं कोरडंच राहतं. कधी त्याच ढगातून गारा कोसळतात, नेमक्या गहू कापणीला आलेला असताना.

उन्हाळ्यात पारा पस्तिशीपार जातो, पण जमीन समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आणि हवा कोरडी, म्हणून रात्री सुखाच्या. हिवाळ्यात मात्र कॅनडाकडून निघालेल्या थंडीला वाटेत एकही डोंगर आडवा येत नाही. दुपारची ऊब काही तासांत गोठणबिंदूखाली उतरते.

हे हवामान जुनंच आहे. त्याला जोडीला गवत होतं. बुटकं, पण मुळांनी माती घट्ट धरून ठेवणारं. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला आणि पुढच्या काही वर्षांत ट्रॅक्टरांनी ते गवत उलथून टाकलं. मग १९३० च्या दशकात दुष्काळ पडला. पीक उगवलंच नाही. उघडी माती वाऱ्याच्या हाती लागली.

१४ एप्रिल १९३५, रविवार. दिवस छान उजाडला होता. दुपारनंतर उत्तरेकडून धुळीची काळी भिंत चालून आली आणि संध्याकाळी बॉइस सिटी हे काउंटीचं मुख्य गाव अंधारात बुडालं. दुसऱ्या वर्षी आर्थर रॉथस्टीनने इथेच एक छायाचित्र टिपलं: धुळीतून वाट काढणारा शेतकरी आणि त्याची दोन मुलं. ते पाहताना आजही घसा कोरडा पडतो.

त्या रविवारनंतर १३ दिवसांनी, २७ एप्रिलला, देशात मृदसंधारणाचा कायदा झाला. समपातळीवर नांगरट सुरू झाली, उजाड जमिनींवर पुन्हा गवत पेरलं गेलं. १९५० च्या दशकात आणि २०११ मध्ये पुन्हा भीषण दुष्काळ पडले, धूळही उडाली. पण आता अनेक शेतकरी गहू आणि ज्वारी काढल्यावर धसकटं तशीच रानात ठेवतात, म्हणजे माती वाऱ्यावर उडत नाही. ज्वारी आपलीच, इथे ती मुख्यतः गुरांच्या खाद्यासाठी पिकते.

आता चिंता आहे ती जमिनीखालची. ओगलाला भूजलसाठ्यातून उपसा मोठा आणि पुनर्भरण अगदी थोडं. बोअरचं पाणी खोल चाललंय. जिथे ते परवडेनासं होईल, तिथलं रान पुन्हा जिरायती होईल, आणि तिथे धसकटांना हात लावून चालणार नाही.